सरस लिहिलेली बाटली

इथे बर्फासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. भिंतीजवळ एक यंत्र आहे, त्याचं झाकण उघडलं की भुग्यासारखा बर्फ, हवा तेवढा. बंगळुरूला येऊन दुसरं वर्ष चालू झालं, तरी सकाळी ते झाकण उघडताना माझा हात थबकतो. वाटतं, मागून कुणीतरी विचारेल, कुणाला विचारून घेताय? कुणी विचारत नाही. प्रयोगशाळेत बारा महिने सारखीच थंडी. फ्रिज कधी बंद पडत नाही. जेल थिजायला लावलं की लागतं. आणि सगळं इतकं नीट चाललंय म्हणूनच मला चैन पडत नाही. नीट चाललेल्या कामात आपली चूक कुठे दडून बसलीय ते कळायला मार्ग नसतो.

ही धास्ती मला जळगावच्या नजमा मॅडमनी दिली असं नाही. ती माझी जन्माची. तिचं करायचं काय, ते त्यांनी शिकवलं.

मी पिंपळनेरची. आठवीनंतर शाळा सुटली, आईचं अंथरूण आणि दोन लहान भाऊ माझ्या गळ्यात आले. पुढे लग्न होऊन जळगावला. नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस दिल्लीच्या रस्त्यावर; घरी मी आणि लहान मुलगी. एका कॉलेजात प्रयोगशाळेच्या बाटल्या धुवायला बाई हवी होती, म्हणून मी गेले. दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली. आत एक बारीक चणीच्या बाई येरझाऱ्या घालत होत्या. सलवार-कमीज, ओढणीला मागे गाठ, पायात पळायचे बूट, आणि चष्म्याला काडीऐवजी पांढरा जाड दोरा, कानामागून बांधलेला. त्यांनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. म्हणाल्या, "हात द्या."

मी दिले. त्यांनी दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले, ताप बघावा तसे.

"थंड आहेत. नेहमी असेच असतात?"

"घाबरले की होतात, मॅडम."

"आणि घाबरता कधी?"

"रोजच."

"मग उद्यापासून या."

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण खरंच त्यांना थंड हात हवे होते. त्या जे बनवत, ते थंडीत पाण्यासारखं पातळ राहतं आणि अंगाच्या उबेला आलं की थिजतं. गरम हाताच्या माणसाने नळी धरली तर नळीतच थिजून बसायचं. आधीच्या दोन मुली याच कारणाने गेल्या होत्या, असं शिपाई मला नंतर म्हणाला. मॅडमचे स्वतःचे हात तर तव्यासारखे. म्हणून त्या बोलायच्या आणि मी करायची.

हे जेल म्हणजे काय, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, चालता चालता. बसून काही सांगणं त्यांना जमायचंच नाही. आपल्या कातडीत, सांध्यात, गालात जो चिवट धागा असतो ना, तो कोलॅजन. तो विरघळवून घ्यायचा, त्यात जिवंत पेशी सोडायच्या, आणि सगळं मिळून थिजवायचं. मग पेशी त्या मऊ गोळ्यात वर-खाली, आजूबाजूला, शरीरात राहतात तशा राहतात.

"काचेच्या बशीतही वाढतात की, मॅडम. शेजारच्या खोलीत वाढवतात."

"वाढतात. पण सपाट पडून. सतरंजीवर झोपलेल्या माणसाकडे बघून तो चालतो कसा, हे सांगाल तुम्ही?"

त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. मला, शिपायाला, पहिल्या वर्षाच्या पोरांना. पिंजऱ्यातल्या उंदरालासुद्धा एकदा म्हणाल्या होत्या, "जरा सरका तुम्ही."

कोलॅजन उंदरांच्या शेपटीतून निघायचं. दुसऱ्या विभागाचं काम संपलेले उंदीर असायचे, त्यांच्या शेपट्या मॅडम सांगून ठेवायच्या. शेपूट सोलून ओढली की आतून पांढरेशुभ्र चमकते धागे निघतात, रेशमाच्या लडीसारखे. ते सौम्य आंबट पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचे, रोज ढवळायचे, चारेक दिवसांत दाट, नितळ पाक होतो. कॉलेजात त्यांचं नाव 'शेपटीवाल्या मॅडम' पडलं होतं. त्यांना ठाऊक होतं. शिपाई पिशवी घेऊन दारात आला की त्याच म्हणायच्या, "या, शेपटीवाल्यांकडे या."

माझी आई फोनवर अहिराणीत विचारायची, "बठ्ठं बरं शे ना वं? काम काय शे तठे?" मी सांगायची, उंदराच्या शेपट्या सोलते. पलीकडून आवाज उतरायचा. मग, "गावमा कोनले सांगू नको."

मॅडमच्या अब्बांनाही हे काम मजेशीर वाटायचं. अब्बा जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. जुन्या जळगावात बोळात त्यांचं दुकान, एका खणाचं. कॉलेजातले जाडजूड प्रबंध, मरून कापड, वर सोनेरी अक्षरं, त्यांच्याच हातचे. शहरातल्या निम्म्या डॉक्टरेट आपल्या हातून गेल्या असं ते सांगायचे, आणि मग हळूच म्हणायचे, "घरातली तेवढी बाकी आहे." मॅडमचं वय तेव्हा चव्वेचाळीस. तासांवर शिकवायची नोकरी, दर वर्षी नव्याने नेमणूक. प्रबंध सुरू होऊन बरीच वर्षं लोटली होती आणि शेवटची मुदत उन्हाळ्यानंतरची होती. ती चुकली की नोंदणीच रद्द. हे मला ठाऊक होतं, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती त्यांनी गोल काढला होता आणि येता-जाता त्यावर पेन फिरवून फिरवून कागद फाटत आला होता.

काम गालाचं होतं. गुटखा खाऊन खाऊन ज्यांचं तोंड आखडतं, त्यांच्या गालात हाच धागा वाढून घट्ट होतो. तोंडात तीन बोटं जायची तिथे दोन जातात, मग एक. मॅडमना बघायचं होतं की घट्ट जेलात आणि मऊ जेलात गालाच्या पेशी कशा वागतात. त्यासाठी धुळ्याच्या एका डॉक्टरांकडून तांदळाएवढे तुकडे मिळायचे, तपासणीसाठी काढलेल्यातले उरलेले. दुसऱ्या कुणाला पाठवून चाललं असतं, पण त्या स्वतः जायच्या. पेशंटसमोर उभं राहून सांगायच्या, "तुमचा गाल जळगावला नेतेय. चालेल का?" लोक आधी दचकायचे, मग हसायचे. हसताना तोंड किती उघडतं ते त्या बघून घ्यायच्या.

एकदा त्यांनी मलाही बरोबर नेलं. येताना एसटीत त्यांच्या मांडीवर थर्माकोलचा डबा. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, डबा वर ठेवा ना."

"नाही. हा मांडीवरच."

"असं काय आहे त्यात?"

"गाल आहे."

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्या स्वतःच्या गालात पुडीचा गोळा होता, बोलताना ओठ जेमतेम हलत होते. मॅडम म्हणाल्या, "थुंकून या आणि तोंड उघडा. बोटं घाला. किती जातात?"

"अहो मॅडम, तिकिटं राहिली..."

"किती जातात?"

त्याने पाठ फिरवून बोटं घालून पाहिली. "अडीच," म्हणाला. अख्खी बस हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिकिटाच्याच मागे धुळ्याच्या डॉक्टरांचं नाव लिहून त्याला दिलं.

पारोळ्याच्या अलीकडे टायर बसलं. एप्रिलचं ऊन, डब्यातला बर्फ पाणी व्हायला लागला, आणि मॅडम रस्त्याच्या कडेला वीस पावलं इकडे, वीस पावलं तिकडे. तोच कंडक्टर चालत पुढे गेला आणि रसवंतीवरून गोणपाटात बर्फाची लादी घेऊन आला. घामाघूम. म्हणाला, "घ्या, गाल वाचवा." पुढे कधीही त्या बसला बसलो की तो आधी विचारायचा, "आज कुणाचा?"

आता जळगावचा उन्हाळा. जेल लागायला अंगाएवढी ऊब लागते, सदतीस. मे महिन्यात आमची खोलीच त्याच्या वर. कॉलेजने एसीची मंजुरी दिली होती, एसी दिला नव्हता. म्हणून आम्ही सकाळी सहाला यायचो. नळ्या, त्यांना लावायची प्लास्टिकची टोकं, बाटल्या, सगळं आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये. बर्फाचा टब. मॅडम मागे उभ्या राहून सांगायच्या, मी मिसळायची. कोलॅजनचा पाक मिसळलेलं पिवळं पाणी असतं, त्यात क्षाराचा एकेक थेंब सोडायचा. पिवळ्याचं नारिंगी होतं, आणि मग एका थेंबाला गुलाबी. तिथे थांबायचं. एक थेंब जास्त गेला की पेशी मेल्या. "कसला रंग?" त्या विचारायच्या.

"झालं वाटतं, मॅडम."

"वाटतंय ते नको. दिसतंय ते सांगा."

"पिकल्या पेरूच्या आतला."

"सोडा मग पेशी."

हे वाक्य मी त्यांच्याकडून दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल. वाटतंय ते नको. त्या विद्यार्थ्यांनाही तेच म्हणायच्या, भाजीवालीलाही. आणि जेल लागायला ठेवलं की पुढचा अर्धा-पाऊण तास कुणी हात लावायचा नाही, दार आपटायचं नाही. त्या वेळात मॅडमकडे बघवत नसे. व्हरांड्यात चालत राहायच्या. केळीचे वेफर्स खायच्या, पण चालत. कॉलेजचे लोक म्हणायचे, यांच्या बुटांनी फरशी झिजली. मी म्हटलं एकदा, "बसा ना जरा." तर म्हणाल्या, "बसले की मला वाटायला लागतं."

त्या वर्षी मार्चमध्ये एका रविवारी लाईट गेली ती दिवसभर. सोमवारी येऊन बघतो तर फ्रिज कोमट. दाराच्या बाजूची कोलॅजनची एक बाटली चांगलीच तापलेली, आतल्या थंड राहिलेल्या. मॅडमनी ती उचलली, उजेडात धरली, वाकडी केली. मार्करने तिच्यावर एक शब्द लिहिला आणि बाटली फ्रिजमध्ये मागे ठेवून दिली. दुसऱ्या कुणी फेकली असती. पण त्या उंदरांचं काही फेकायच्या नाहीत. "जीव गेलाय त्यांचा, गटारात कसं ओतू," म्हणायच्या. मी तेव्हा पाठमोरी फरशी पुसत होते; बाटली तापल्याचं मला फार पुढे कळलं. शब्द मी नंतर वाचला.

महिन्याभराने मॅडम धुळ्याला गेल्या होत्या. तिथून फोन आला की आजच्या पेशी वाट बघणार नाहीत, मऊ जेल तुम्हीच लावा, मी पोचते दुपारपर्यंत. "जमेल ना?" माझे हात बर्फासारखे. "कुठली बाटली घेऊ?" म्हटलं. "चांगली बघून घ्या," म्हणाल्या आणि गाडी आली म्हणून फोन ठेवला.

फ्रिजमध्ये चार बाटल्या. तिन्हींवर नुसते आकडे. चौथीवर मॅडमच्या ठसठशीत अक्षरात 'सरस'.

आमच्या शाळेत मराठीचे गुरुजी निबंधाच्या वहीवर शेरे द्यायचे. बरा. चांगला. आणि एखाद्यालाच, सरस. मला तो सातवीत एकदा मिळाला होता, लाल शाईत. ते पान मी कितीतरी दिवस उशाखाली ठेवून झोपत होते. तेव्हा मॅडमनी स्वतःच्या हाताने सरस लिहिलेली बाटली सोडून मी दुसरी कशाला घेईन?

जेल लागायला वेळ लागला. तासाच्या वर गेला. पण लागलं, दुधावरच्या सायीसारखं थरथरतं. दोन दिवसांनी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून नुसता श्वास निघाला. मला बोलावलं. "बघा." एरवी गोल गोल बसून राहणाऱ्या पेशींनी चहूबाजूंना हातपाय पसरले होते. झाडाच्या मुळांसारखे. "यांना जागा मिळाली," मॅडम म्हणाल्या. "घट्ट गालात गुदमरलेल्या पेशी, मंगलाताई. मोकळी जागा मिळाली तर अशा वागतात."

दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्यालाही तसंच. तिन्ही वेळा मी तीच बाटली घेतली. मॅडमनी विचारलं नाही, कारण चांगली म्हणजे आकड्याचीच, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं. मी सांगितलं नाही, कारण लिहिलं त्यांनीच होतं. मग बाटली संपली. धुऊन पालथी घातली.

आणि चौथ्या खेपेपासून काही होईना. पेशी पुन्हा गोल.

मॅडमचे मार्गदर्शक सर म्हणाले, तीनदा आलंय ना, पुरे, लिहून काढा. मॅडमनी प्रकरण लिहिलं, प्रबंधातलं सगळ्यात मोठं. पण त्यांना झोप लागेना. पाणी बदललं. क्षार नवा बनवला. रसवंतीचा बर्फ बंद करून घरचा आणला. चालता चालता स्वतःशी बोलायच्या. "मी काहीतरी वेगळं केलं. काय केलं?" मीही तेच शोधत होते त्यांच्याबरोबर, अगदी मनापासून. हे आठवलं की आजही मला घाम फुटतो.

प्रबंध किती जाड होईल ते अब्बांना दाखवायला त्यांनी एका सकाळी माझ्याकडे कच्ची प्रत दिली. अब्बा दुकानात स्टोव्हवर डब्यात डबा ठेवून काहीतरी शिजवत होते. उग्र वास. हात कापत होता त्यांचा. म्हणाले, "बेटी, जरा तो सरस ढवळ, मी पानं बघतो."

मी आजूबाजूला पाहिलं. "काय ढवळू?"

"सरस. हा काय, समोर."

डब्यात तपकिरी घट्ट चीक होता. आमच्याकडे सगळं डिंकावर चालायचं, त्यामुळे मी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. "याला सरस म्हणतात?"

"मग? कातडी उकळून काढतात. सुतार वापरतात, आम्ही वापरतो. नजमाचा माल तोच आहे, फरक एवढाच की ती उकळत नाही. तिचा तापला," अब्बा हसले, "की तो माझा झाला. फेकायच्या कामाचा. लहानपणापासून इथे खेळली ना, काही बिघडलं की म्हणते, गेला, सरस झाला."

मी ढवळत राहिले. अब्बा काय बोलत होते ते पुढचं ऐकू आलं नाही.

दोन दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. मुदतीला तीन आठवडे राहिले होते. बोलले तर प्रबंध जातो. नाही बोलले तर कुणाला कधी कळणार नाही. बाटली धुतलेली, शब्द पुसलेला. माझी नोकरी वाचते, त्यांची पदवी वाचते. सगळ्यांचं भलं. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की ते खरं वाटायला लागलं, आणि 'वाटायला लागलं' हा शब्द मनात आला तशी मी ताटावरून उठले.

सकाळी सहाला गेले. मॅडम टोकं मोजत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गुरुजींचा शेराही सांगितला, त्याची गरज नव्हती तरी. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता ओरडतील.

"लागायला किती वेळ लागला होता?"

"तासाच्या वर."

"तिन्ही वेळा?"

"तिसऱ्यांदा सव्वा तास."

"बशी वाकडी केल्यावर?"

"थरथरायचं, मॅडम. सायीसारखं."

त्या वहीत लिहीत गेल्या. रंग विचारला, वास विचारला, तळाला पाणी सुटलं होतं का विचारलं. पानभर लिहून झालं तेव्हा स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, मी उद्यापासून येत नाही."

"का? उद्या सुट्टी आहे का?"

"चूक झाली ना माझी."

"बाटलीवर अक्षर कुणाचं होतं?"

"तुमचं."

"मग तुमचा काय संबंध?" मग जराशाने, चष्म्याचा दोरा सोडून पुन्हा बांधत, "अब्बांची भाषा मी कॉलेजच्या फ्रिजमध्ये लिहून ठेवली. तुम्ही ती मराठीत वाचली. बरोबरच वाचली."

सरांना सांगायला गेल्या तेव्हा मी दाराबाहेर होते. सर वाईट माणूस नव्हेत, पण थकलेले. म्हणाले, "तीन वेळा आलं, फोटो आहेत. बाटलीचं कोण विचारतंय, नजमा?"

"मी विचारतेय ना, सर."

त्यांनी ते मोठं प्रकरण काढलं. मुदतवाढीचा अर्ज केला, तो कसाबसा मंजूर झाला. आणि त्याच पावसाळ्यात कॉलेजात कायम जागेच्या मुलाखती झाल्या. मॅडमना बोलावणं नव्हतं; पदवी हातात नव्हती. ज्या दिवशी मुलाखती होत्या त्या दिवशी आम्ही बाटल्या तापवत होतो. मुद्दाम. एक बाटली तासभर, एक दोन तास, एक दिवसभर, प्रत्येकीवर वेळ लिहिलेली, आकड्यात. खाली गाड्या लागत होत्या, उमेदवार उतरत होते. मॅडमनी खिडकीतून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन तासांची काढा बाहेर."

पेशींनी पुन्हा हातपाय पसरले. दर वेळी नाही. कधी पसरले, कधी नाही. मॅडमनी जसं दिसलं तसं लिहिलं, नाही आलं तेही लिहिलं. मोकळ्या गालाचं ते मोठं वाक्य गेलं. त्याच्या जागी लहान वाक्य आलं: तापलेल्या कोलॅजनचं जेल कसं फसवतं. आणि एक अख्खं पान, चूक कशी झाली त्याचं. त्यात 'सरस' हा शब्द इंग्रजी मजकुरात देवनागरीत छापला होता. अब्बांनी ते पान बोटाने दाखवून घेतलं. म्हणाले, "माझा माल आला तुझ्या किताबात. आता बांधायला दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही." कापऱ्या हाताने त्यांनी पाच प्रती बांधल्या, आठ दिवस लागले. एका प्रतीवरचं सोनेरी अक्षर तिरकं गेलंय. मॅडमनी ती स्वतःकडे ठेवली.

बंगळुरूचं काम मला त्यांनीच मिळवून दिलं. या कंपनीत औषधं तपासायला असलीच जेलं लागतात. फोनवर त्या इथल्या बाईंशी बोलत होत्या, मी समोर. "आठवी पास आहेत. हात थंड आहेत. आणि एकदा माझं तीन महिन्यांचं काम बुडवलं होतं, ते स्वतः येऊन सांगितलं." मी खुणेने नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "हो, तेच सांगतेय. म्हणूनच घ्या."

निघायच्या दिवशीच त्यांची तोंडी परीक्षा आली. विद्यापीठात, सगळ्यांसमोर. माझी गाडी संध्याकाळी भुसावळहून. मुलीला आदल्या दिवशीच पिंपळनेरला आई आणि भावांकडे सोडून आले होते. पिशवी घेऊनच मी हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसले. अब्बा पुढे, टोपी मांडीवर. बाहेरून आलेले परीक्षक पांढऱ्या मिशांचे, प्रबंध चाळत होते. सगळं इंग्रजीत चाललं होतं, मला निम्मं कळत होतं. मग त्यांनी एक पान उघडून वर धरलं, आणि ते कुठलं हे मला लांबूनही कळलं. बोलता बोलता ते मराठीवर आले.

"हे पान तुम्ही घातलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"हो, सर."

"मग का घातलं? यामुळे तुमचा पहिला निष्कर्ष उभाच राहत नाही."

"नाही राहत, सर. तो उभा नव्हताच."

कुणीतरी खोकलं. परीक्षकांनी पान खाली ठेवलं नाही. "ती बाटली वापरली कुणी?"

मी पिशवी धरून अर्धी उठले, काय करायला ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, "बाटलीवरचं अक्षर माझं होतं, सर."

"मी वेगळं विचारतोय."

"माझं उत्तर तेवढंच आहे."

परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं. मग काही तरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न इंग्रजीत विचारला. तोही संपला, आणखी एक संपला. घड्याळात चार वाजून गेले. भुसावळची एसटी चुकली की गाडी चुकली. मी वाकून, बाकांच्या कडेकडेने दाराकडे निघाले. कुणाला दिसू नये म्हणून पिशवी पोटाशी धरलेली.

"एक मिनिट, सर," मागून मॅडमचा आवाज आला. "मंगलाताई, पोचल्यावर फोन करा. पहिल्याच दिवशी तिथला फ्रिज बघून घ्या."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. परीक्षकांनीही चष्मा काढला. "या कोण?"

"यातली सगळी जेलं यांनी लावलीत, सर. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

परीक्षकांनी हातातलं पान पाहिलं, मग मला पाहिलं. त्यांना कळलं. प्रबंध मिटून बाजूला ठेवत ते म्हणाले, "मग बसा ना बाई पाच मिनिटं. निकाल ऐकूनच जा."

मी दारात उभी. मी घड्याळाकडे पाहिलं.

"नको सर, त्यांना जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "त्यांची गाडी चुकेल." आणि पडद्यावरचं पुढचं चित्र लावायला त्या वळल्या.